ओला कोपरा

त्या वर्षी थंडी सरली तरी झऱ्याचं पाणी वाढलं नाही. राइनिझाफीच्या तरव्यातली भाताची रोपं बोटभर उंच होऊन थांबली. शेजारी राइनिवाओच्या तरव्यात ती कडेनं पिवळी पडायला लागली. आधी पातीचं टोक, मग मधली शीर, मग सगळं रोप. दोन्ही तरव्यांना पाणी एकाच पाटाचं होतं. पाट टेकडीच्या कुशीतल्या झऱ्यापासून निघून लाल मातीतून खाली यायचा, आणि त्या वर्षी पाण्यावर गंजासारखा तवंग दिसत होता. पण तवंगाकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

राइनिझाफी म्हणजे झाफीचा बाप. इकडे पहिलं मूल झालं की आईबापाचं जुनं नाव मागे पडतं आणि मुलाच्या नावानं माणूस ओळखलं जातं. त्याची बायको म्हणून रेनिझाफी, झाफीची आई. राइनिवाओ त्याचा चुलतभाऊ. राइनिझाफीच्या घरी केताका नावाची दासी होती. तिलाही मागच्या पावसात मूल झालं होतं आणि तोंडात दात यायच्या आत गेलं होतं. पण तिचं नाव केताकाच राहिलं. दासीचं नाव बदलत नाही.

दोन्ही तरव्यांच्या मध्ये एक तिकोनी तुकडा होता. आज्यानं वाटणी करताना हद्दीला दगड रोवला होता, तो चिखलात कुठेतरी खोल गेला, आणि तेव्हापासून दोघे भाऊ तो तुकडा आपला म्हणत होते. म्हणून तो कुणीच कसत नव्हतं. जमिनीतून पाणी झिरपायचं, लव्हाळा वाढायचा, बेडूक बसायचे. सगळे त्याला ओला कोपरा म्हणत. त्या वर्षी तोही सुकत चालला होता.

केताका दिवस उजाडता उजाडता पाण्याला जायची. आधी घरचं मडकं भरायची, मग भोपळ्याचा तुंबा भरून ओल्या कोपऱ्याकडे वळायची, वाकून हळूहळू पाणी ओतायची. पाणी मुरेपर्यंत तिथेच उकिडवी बसायची. मग उठून भात कांडायला घरी यायची. मुसळाचा आवाज सुरू झाला की रेनिझाफी उठायची.

हे राइनिवाओच्या बायकोनं पाहिलं. एकदा नाही, पुष्कळ वेळा. तिनं नवऱ्याला सांगितलं की केताका ओठ हलवते, पाणी घालते, आणि जिथं घालते तिथूनच आपली रोपं पिवळी पडत चालली आहेत. राइनिवाओचं एक वासरू त्याच आठवड्यात पोट फुगून मेलं होतं. आणि झाफी, राइनिझाफीचा एकुलता मुलगा, राणीच्या वेठीच्या कामावर ओझी वाहायला खालच्या जंगलात गेला होता, तो परतला तो अंगात ताप घेऊन. एक दिवस थरथरायचा, एक दिवस बरा वाटायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा थरथरायचा. राइनिवाओनं तिन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवल्या आणि गावसभेपुढे ठेवल्या.

सभा वडाच्या पारावर बसली. केताकाला मध्ये उभं केलं. अंगाभोवती गुंडाळायचा जाडाभरडा लांबा तिनं काखेखाली घट्ट ओढून घेतला होता. म्हाताऱ्यांनी विचारलं, ती पहाटे कोपऱ्यावर काय करते. तिनं सांगितलं, पाणी घालते. कशाला घालते, असं विचारल्यावर ती गप्प राहिली. राइनिझाफी तिच्यावर खेकसला की बोल, तोंड आहे ना. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"बघा," राइनिवाओ म्हणाला. "स्वतःचं रोप असेल तर माणूस पाणी घालतं. तिथं हिचं काय पेरलंय?"

सभेत हसू फुटलं. केताकानं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

जादूटोण्याच्या आरोपाला इकडे एकच उत्तर असतं. तांगेनाच्या विषारी बियांचा गर उगाळून केळीच्या रसातून पाजायचा. त्याआधी पोटभर भात आणि कोंबडीच्या कातडीचे तीन तुकडे, दात न लावता गिळलेले. मग तांदळाचं कोमट पाणी पाजत राहायचं. उलटीत तिन्ही तुकडे अख्खे बाहेर आले तर माणूस निर्दोष. एक जरी आत राहिला तरी दोषी. दोषी विषानं मरायची वाट बघत नाहीत, त्याला मुसळांनी मारतात. आणि डोकं दक्षिणेकडे करून, अंगावर कापड न घालता पुरतात.

राइनिझाफीला हे परवडणारं नव्हतं. तोंडावर लावणी आली होती, झाफी अंथरुणात होता, आणि त्याच्या स्वतःच्या कमरेत राणीच्या कामावर लाकडं ओढून उसण भरली ती गेलीच नव्हती. चिखल तुडवायला बैल होते. बैल हाकायला आणि रोपं लावायला केताका होती. तो तांगेना पाजणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला, राइनिवाओकडेही गेला. हातापाया पडून म्हणाला की हिच्याऐवजी कोंबडीला पाजू. लहानसहान भांडणात तसं करतात.

राइनिवाओ दारात बसून टोपली विणत होता. वर न बघता म्हणाला, "दादा, कोंबडी पाणी घालायला गेली नव्हती."

दोघांत ठरलं एवढंच, की केताका दोषी निघाली तर ओला कोपरा राइनिवाओचा, निर्दोष निघाली तर राइनिझाफीचा. दिवस ठरला.

मधले दिवस कामातच गेले. केताकाला कुणी बांधलं नाही. ती पळून जाणार कुठं? सगळ्या टेकड्यांवर राणीची माणसं होती आणि तिचं बोलणं दक्षिणेकडचं, पहिल्या शब्दाला ओळखू येणारं. तिनं तरव्याचे बांध लिंपले, पाटातला गाळ काढला, शेण उन्हात पसरलं. गावातल्या बायका विहिरीवर तिच्यापासून बाजूला सरकून उभ्या राहायच्या. एकीनं तिची सावली आपल्या मडक्यावर पडली म्हणून भरलेलं पाणी ओतून दिलं. केताकानं सांडलेल्या पाण्याची धार कुठं जाते ते पाहिलं आणि आपला तुंबा भरून चालू लागली.

ती पहाटे ओल्या कोपऱ्यावर जातच राहिली.

झाफीला बरं वाटायचं त्या दिवशी तो भिंतीला टेकून बसायचा. खरवडीचं पाणी, भाताच्या तळाशी करपलेल्या थरावर पाणी घालून उकळलेलं, एवढंच त्याच्या पोटात टिकायचं. केताका ते घेऊन यायची. तो जंगलात गेला तेव्हा तिला दिवस गेले होते, हे त्याला माहीत होतं. परत आला तेव्हा घरात मूल नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. दासीच्या पोराचा बाप कोण, हे इकडे कुणी विचारत नाही. बापानंही विचारायची गरज नसते.

अशाच एका दिवशी वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "कोपऱ्यात काय आहे?"

"ओल आहे," केताका म्हणाली.

"तू सांगत का नाहीस त्यांना?"

तिनं त्याच्या हातातली वाटी सरळ केली, कारण ती कलली होती. "पी," म्हणाली. "निवलं की तुला मळमळतं."

रेनिझाफी चुलीशी होती. तिनं राखेतली लाकडं उगाचच मागेपुढे केली.

तिला माहीत होतं. केताकाच्या बाळंतपणाच्या वेळी घरात दोघीच होत्या. पुरुष राणीच्या कामावर होते. रेनिझाफीनं स्वतःच्या हातानं मूल ओढून काढलं, नाळ कापली, आणि पुसताना त्याच्या पायाकडे तिचं लक्ष गेलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं पेरापर्यंत जुळलेली होती. झाफीची तशीच होती, आणि झाफीच्या आजोबांची. तिनं मूल पुसून केताकाच्या कुशीत दिलं. मूल महिना दीड महिना जगलं. मग एका सकाळी दूध ओढेना, संध्याकाळी गेलं. दात न आलेलं मूल पूर्वजांच्या कबरीत ठेवत नाहीत, ते स्वतंत्र घरातलं असो की दासीचं. पाण्यातून आलेलं असतं, म्हणून ओल्या जमिनीत ठेवायचं. आणि ती जागा सुकू द्यायची नाही. सुकली तर ते पुन्हा कधी येत नाही, आणि त्याच्या आईच्या पोटातही काही रुजत नाही. रेनिझाफीनं आपल्या जुन्या लांब्याचं एक टोक फाडलं, त्यात मूल गुंडाळलं, आणि दोघींनी मिळून, कुणाला न सांगता, ते कोपऱ्यात ठेवलं. कोपरा निवडला तो रेनिझाफीनं. तिथलं पाणी कधी आटत नाही, असं ती म्हणाली होती.

आता ते आटलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी उखळ अंगणात ओढलं गेलं. आरोप असलेल्या माणसानं स्वतःचा भात स्वतः करायचा नसतो, मुसळाला हात लावायचा नसतो. त्याच्या पाठीशी जे घर उभं असेल त्यानं तो करायचा. रेनिझाफीनं कित्येक वर्षांत भात कांडला नव्हता. तिनं मुसळ उचललं, पहिला घाव कडेवर बसला आणि दाणे अंगणभर उडाले. भिंतीशी राइनिवाओची बायको बसली होती. भातात काही मिसळलं जात नाही ना, हे बघायला तिला पाठवलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, हात मध्ये धरा. वर धरलंत तर खांदा जाईल."

रेनिझाफीनं हात मध्ये धरला. थोड्या वेळानं तळव्यांना फोड आले, मग ते फुटले. राइनिवाओच्या बायकोला तिच्या घरून हाक आली, तशी ती बांधापर्यंत गेली. अंगणात दोघीच राहिल्या. केताका उंबऱ्यावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. काम करायचं नसलं की हातांचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. ते तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते.

रेनिझाफी मुसळ न थांबवता म्हणाली, "मी सांगू का?"

"काय सांगाल?"

"मूल आहे म्हणून. पाण्यातलं मूल, म्हणून पाणी घालते. यात कसली जादू?"

केताका म्हणाली, "माझं मूल म्हणून सांगितलंत तर राइनिवाओ आज दुपारी तिथं फावडं घेऊन जाईल. दासीच्या पोराची जमीन नसते. उकरून नाल्यात टाकतील, वर म्हणतील यानंच रोपं जाळली."

मुसळ दोन तीनदा खाली गेलं.

"आणि तुमच्या घरचं म्हणून सांगितलंत," केताका पुढं म्हणाली, "तर उकरणार नाहीत. पण मग मला सोडावं लागेल. घरच्या रक्ताच्या मुलाची आई दासी राहत नाही, असं तुमच्यात आहे ना? मग लावणी कोण करणार, बाई?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाटाचं दार कुठून फोडायचं, हे जसं ती सांगायची तसंच तिनं हेही सांगितलं.

रेनिझाफीनं मुसळ वर उचललं. वर धरूनच ती थोडी थांबली. मग ते खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. राइनिवाओची बायको परत आली तेव्हा रेनिझाफी सुपात तांदूळ पाखडत होती.

भात तिनं मऊ शिजवला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी घातलं. कोरडा भात पोटात गोळा होऊन बसतो, सैल भात लवकर वर येतो, इतकं कुणालाही कळतं. राइनिवाओची बायको टोपात डोकावली. हा भात आहे की पेज, असं म्हणाली. रेनिझाफी म्हणाली की घरात आजारी माणूस आहे, टोप एकच आहे. बाईनं जास्त ताणलं नाही.

गावाच्या पश्चिमेला उतारावर माणसं जमली. तांगेना पाजणारा म्हातारा काळजीपूर्वक काम करणारा होता. त्यानं कोंबडीच्या पाठीवरची कातडी कापली, तीन तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे एकसारखे केले, आणि दोन्ही बाजूंना दाखवले. बियांचा गर खडबडीत दगडावर उगाळला. रस पांढुरका झाला. केताका वाटीभर, आणखी वाटीभर भात जेवली. खूप दिवसांत इतका भात तिच्या वाट्याला आला नव्हता आणि तिचं पोट फुगून लांब्याखाली दिसायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, मरताना तरी जेवली. तिनं तुकडे एकामागून एक गिळले. तिसरा घशाशी अडला. तिनं मान वर केली, नरड्याची गाठ वर सरकली, आणि गेला. मग रस.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून बियांना उद्देशून बोलायला सुरुवात केली. तू डोळे नसून बघतेस, कान नसून ऐकतेस, आत जा आणि हिच्या काळजात काय आहे ते शोध. तो मोठ्यानं बोलत नव्हता. बी जवळच होती.

आधी तिच्या ओठांना मुंग्या आल्या. ती ओठ दातांनी चावून बघत होती. मग कपाळावर थेंब जमले, उन्हाचे नव्हेत. तांदळाचं कोमट पाणी पुढं केलं. ती प्यायली, पुन्हा प्यायली. पहिल्या उलटीत भात आला आणि एक तुकडा. म्हाताऱ्यानं काडीनं बाजूला घेतला. दुसऱ्या उलटीत दुसरा तुकडा आला. मग नुसतं पाणी. मग हिरवट लाळ. तिचे हात मातीत रुतले होते आणि पाठीचा कणा लांब्यातून मोजता यावा असा वर आला होता. एकीकडे माणसं मुसळं घेऊन उभी होती, त्यातल्या एकानं मुसळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ते राइनिझाफीच्या घरचं होतं. सकाळी कांडलेल्या भाताचा कोंडा अजून त्याला चिकटलेला होता.

रेनिझाफी ते मुसळ बघत होती. ती एक पाऊल पुढं आली. कदाचित ती बोलली असती. पण बी पोटात गेल्यावर माणसाच्या बोलण्याला तिथं किंमत नसते, हे तिला माहीत होतं. म्हणून ती वाकली, पाण्याचा तुंबा उचलला आणि केताकाच्या तोंडाला लावला. ते काम म्हाताऱ्याच्या मदतनिसाचं होतं. म्हाताऱ्यानं तिला अडवलं नाही. केताका घोट घोट प्यायली, तिनं रेनिझाफीचं मनगट पकडलं, नखं रुतली, आणि पोटातून एक कळ अशी वर आली की तिचे गुडघे जमिनीवरून सुटले. तिसरा तुकडा नाकातोंडातून आलेल्या पाण्याबरोबर आला.

म्हाताऱ्यानं तो धुतला, सूर्याकडे धरून बघितला. अख्खा होता. कडेला दाताची खूणही नव्हती.

केताकाला धुऊन नेसवून घरी नेलं. निर्दोष माणसाला चालवत नेतात, गाणं म्हणत. पण ती चालू शकत नव्हती, म्हणून बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. विहिरीवर तिची सावली पडली म्हणून पाणी ओतून देणारीही त्यांत होती. घरी झाफीच्या शेजारीच तिचं अंथरूण पडलं. तिला सगळं पिवळट दिसत होतं. भिंत, चूल, माणसांचे चेहरे. मनगट धरलं तर नाडी चालायची, थांबायची, आता गेली असं वाटेपर्यंत थांबायची, मग पुन्हा चालायची. झाफी तिचं मनगट धरून बसायचा आणि ती थांबली की स्वतःचा श्वास रोखायचा.

ती पडून होती तोवर कोपऱ्यात कुणी पाणी घातलं नाही. रेनिझाफी एकदा तुंबा भरून बांधापर्यंत गेली. पलीकडे राइनिवाओची बायको तण काढत होती. रेनिझाफीनं ते पाणी वाटेतल्या भोपळ्याच्या वेलाला घातलं आणि परत आली.

राइनिझाफी मात्र खूश होता. ओला कोपरा त्याचा झाला होता. चुलतभावानं सभेत तसं कबूल केलं होतं. त्याच्या मनात होतं की कोपरा खणून तिथं नवा तरवा करायचा. उशीर झाला होता, पण आता पेरलं तरी शेवटच्या खाचरापुरती रोपं मिळाली असती. केताका पहिल्यांदा उठून अंगणात चालली त्याच सकाळी तो तिला घेऊन खाली गेला. दोर टाकून त्यानं हद्द आखली आणि लांब पात्याचं फावडं तिच्या हातात दिलं. स्वतः तो लव्हाळा उपटू लागला. पलीकडच्या बांधावर राइनिवाओ पाट साफ करत होता, म्हणजे बघत होता.

केताका फावडं घेऊन कोपऱ्याच्या मधोमध गेली. माती वरून तडकली होती, पण तडा खोल नव्हता. तिनं पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितलं. मग ती तिथंच उभी राहिली.

"खण की," राइनिझाफी म्हणाला.

"इथं नाही."

"काय इथं नाही?"

"बाकी सगळं खणते. इथं नाही."

राइनिवाओ हातातलं काम सोडून हसला. "दादा, जिंकलास तू," तो म्हणाला, "पण जमीन तुझ्या दासीनं घेतलेली दिसते."

राइनिझाफीच्या मानेवर रक्त चढलं. तो मारकुटा माणूस नव्हता, पण चुलतभावासमोर त्याला दुसरं काही सुचेना. त्यानं तिच्या हातातून फावडं हिसकलं. ती अशक्त होती, एका बाजूला बसलीच. त्यानं पातं जमिनीवर टेकवलं आणि वर पाय ठेवला.

रेनिझाफी उतारावरून येत होती. ती बाई कधी घाई करत नसे. त्या दिवशी तिचा लांबा खांद्यावरून घसरून मागे मातीत लोळत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. ती बांध ओलांडून सरळ चिखलात उतरली आणि पात्यासमोर खाली बसली, केताकाच्या शेजारी, मांडी घालून.

"ऊठ," राइनिझाफी म्हणाला. "काय चाललंय हे?"

"झाफीचं मूल आहे इथं," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. पण पाटाला पाणी कमी होतं, त्यामुळे तो पलीकडे गेला. राइनिवाओनं हातातला गाळ खाली टाकला.

राइनिझाफीचा पाय फावड्यावरच होता. तो बायकोकडे बघत राहिला, मग केताकाकडे, मग वर घराकडे. झाफी काठीला टेकून भिंतीशी उभा होता. तिथून त्याला काही ऐकू गेलं नसणार. पण तो खाली येत नव्हता आणि आतही जात नव्हता.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. मीच काढलं ना त्याला. त्याच्या पायाची बोटं बघितली."

राइनिझाफीनं खालच्या रिकाम्या खाचराकडे पाहिलं. मग म्हणाला, "लावणी आली आहे."

"माहीत आहे मला."

"आणि तरी तू तिला ते विष पिऊ दिलंस."

"दिलं," रेनिझाफी म्हणाली. तिनं आपले तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. फोडांच्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती. "भात कांडला आणि पिऊ दिलं."

यानंतर राइनिझाफीनं केताकाचं काय करायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, राइनिवाओलाही. म्हणूनच तो बांधावर थांबला होता. राइनिझाफीनं फावड्याचं पातं उचललं, दोन पावलं मागे गेला आणि दोराच्या कडेनं खणायला लागला. कमरेत उसण असल्यानं प्रत्येक ढेकळाबरोबर त्याच्या तोंडातून आवाज निघत होता. तो कडेकडेनं पुढं सरकत गेला, आणि मधला तुकडा, एका माणसाला उकिडवं बसता येईल एवढा, तसाच राहिला. त्याच्याभोवती खणलेली माती गोल पडत गेली.

केताका उठली. पाटावर जाऊन तिनं तुंबा भरला. ऊन चांगलं वर आलं होतं, आसपासच्या खाचरांत माणसं होती, आणि पलीकडे राइनिवाओ उभा होता. ती मधल्या तुकड्यावर बसली आणि हळूहळू पाणी ओतलं. मातीनं ते लगेच प्यायलं. ती दुसरा तुंबा आणायला गेली.

परत आली तेव्हा रेनिझाफीनं विचारलं, "त्याला काही नाव ठेवलं होतंस?"

केताकानं तुंबा खाली ठेवला. हे नाव तिनं कधी कुणासमोर घेतलं नव्हतं. पहाटे ओठ हलायचे ते त्यासाठीच.

"त्सिरी," ती म्हणाली. त्सिरी म्हणजे कोंब.

पुढच्या सभेत राइनिझाफीनं पारावर उभं राहून केताकाला सोडल्याचं सांगितलं. त्यानं कारणही सांगितलं, भरभर आणि खाली बघत, आणि खाली बसला. म्हाताऱ्यांपैकी एकानं केताकाला विचारलं की आता ती कुठं जाणार, दक्षिणेकडे तिचं कुणी आहे का. ती म्हणाली, होतं, आता असेल की नाही माहीत नाही. माझं माणूस इथं कोपऱ्यात आहे. लावणी करीन, पण वाट्यानं करीन. राइनिवाओ हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. शेवटच्या खाचरातल्या भाताचा वाटा तिला द्यायचं ठरलं.

लावणीच्या दिवशी बैलांनी सकाळीच चिखल तुडवून ठेवला होता. झाफी बैलांमागे चार चकरा मारून धापा टाकत बांधावर बसला. बायका रांगेनं खाचरात उतरल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. केताका रांगेच्या टोकाला होती. तिचा हात पूर्वीसारखा भरभर चालत नव्हता. ती मध्येच थांबायची, मनगट धरून बघायची आणि पुन्हा वाकायची.

ऊन डोक्यावर आलं तशी रेनिझाफी पेजेचा टोप घेऊन बांधावर आली. सगळ्यांना पेज वाढायची होती. तिनं वाट्या मांडल्या, आणि रांगेच्या टोकाकडे बघून हाक मारली.

"रेनित्सिरी."

बायकांचे हात थांबले. टोकाची बाई वाकलेलीच राहिली. तिनं आणखी एक रोप लावलं, त्याच्या बुडाशी माती दाबली. हाक दुसऱ्या कुणाला तरी असेल, असं तिला वाटलं.

रेनिझाफीनं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा हळू. "रेनित्सिरी, पेज निवते आहे."

तेव्हा कुठं तिनं कमरेवर हात ठेवला आणि सरळ उभी राहिली.